पायरीचं मागणं

पौषातली थंडी अशी पडली होती की गोफणीची दोरी बोटांना काचत होती आणि बोटांना ते कळत नव्हतं. ज्वारी नुकती दाण्यात आलेली. फटफटायला लागलं की पाखरांचे थवे डोंगराकडून उतरायचे. त्यांच्याआधी राखणीच्या माळ्यावर चढून बसायचं, म्हणजे घोंगडीतून बाहेर निघायचं, हेच सकाळचं मोठं काम. आश्रुबा माळ्यावर उभा राहून ‘हाऽ हाऽ’ करत गोफण फिरवत होता. दगड सुटला की थवा उठून शेजारच्या शेतात बसायचा, तिथला सटवा ओरडला की पुन्हा इकडं यायचा. सकाळभर दोघं एकमेकांना पाखरं देत-घेत होते.

हरिबा आप्पा माळ्याखाली येऊन उभा राहिला. म्हातारा वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा, पण चाल अजून ताठ.

"उतर खाली."

"पाखरं हायती आप्पा."

"असू दी. खातील चार कणसं. उतर आन् पाय दाव."

"कावून?"

"दाव म्हन्लं ना बे."

आश्रुबा उतरला आणि नाल ठोकायला घोडा पाय देतो तसा त्यानं पाय मागं उचलला. हरिबानं अंगठ्यानं तळवा दाबून पाहिला, टाचेच्या भेगा पाहिल्या, बोटं फाकवून पाहिली.

"तुज्या बापाचेबी असेच व्हते. फावड्यावानी रुंद. यंदा कावड तुज्याकडं," म्हातारा म्हणाला आणि हात धोतराला पुसून चालता झाला. पलीकडून सटवानं बोंब दिली, "आप्पा, माजेबी पाय बगा की."

"तुजं तोंड बगितलंय, तेवढं पुरे हाय."

हिवरतळ हे वडवणीपासून दोन-अडीच कोसांवर, डोंगराच्या अगदी पायथ्याला. गावचा देव भैरोबा. त्याला चैत्रात गंगेच्या पाण्यानं न्हाऊ घालायचं. गंगा म्हणजे गोदावरी, ती मंजरथाला. मधे चौदा कोसांची वाट. खांद्यावरच्या बांबूच्या कांबीच्या दोन टोकांना दोन तांब्याच्या घागरी. उन्हाच्या पहिल्या तिरपेला त्या गंगेत भरायच्या आणि भैरोबाच्या कळसावरचं ऊन उतरायच्या आत देवळाच्या पायरीवर उभं राहायचं. एकच माणूस. अनवाणी. कावड भुईला टेकायची नाही आणि दुसऱ्याच्या खांद्यावर जायची नाही.

जो असा वेळेत पोचला त्याला गावाकडं एक मागणं मागता यायचं. पायरीवर उभं राहून मागायचं आणि सगळ्या गावानं ‘दिलं’ म्हणायचं. त्या मागण्याला नाही म्हणायचा दस्तूर नव्हता. लोक मागायचे ते साधंच. कुणी खळ्याला जागा मागितली होती, कुणी बांधावरचं लिंबाचं झाड. हरिबानं एका वर्षी मागितलं, पाटलाची शेरडं माज्या तुरीत यायची न्हाईत. गाव हसलं होतं. पण शेरडं त्यानंतर आली नाहीत.

आश्रुबा पुन्हा माळ्यावर चढला, पण गोफण त्याच्या हातात नुसतीच लोंबत राहिली. पाखरं ज्वारीत बसली, खाऊन तृप्त होऊन उठली. त्याला काय मागायचंय ते त्याला त्याच घडीला ठाऊक झालं होतं.

छबुबाई त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच त्याला कडेवर वाढवला. पुढं तिचा नवरा गेला आणि ती पोटुशी माहेरी आली. मानमोडीचा ताप आला त्या साली तिचं तान्हं गेलं. त्या तापानं गावात एक घर सोडलं नाही. तिरड्या बांधायला माणूस मिळेना, म्हणून बाजेसकट मढी नेली. त्याच हप्त्यात मांगवाड्यातली एक बाळंतीण मेली आणि तिचं पोर तिथं रडत राहिलं. घरात दुसरं कुणी उठण्यासारखं नव्हतं. मांगवाडा छबुबाईच्या परसाच्या मागंच. ते पोर रडलं की हिची छाती भरून यायची, लुगडं ओलं व्हायचं. एका दुपारी ती उठली, पोर उचलून घरात आणलं आणि छातीशी लावलं. लेकराची मावशी परगावाहून येऊन त्याला घेऊन जाईपर्यंत ती त्याला पाजत होती.

लेकरू जगलं. साथ गेल्यावर गावाला सवड झाली आणि गावानं छबुबाईला वाळीत टाकलं.

आडावर यायचं नाही. देवळाकडं फिरकायचं नाही. तिच्या हातचं कुणी खायचं-प्यायचं नाही. आश्रुबा भांडायला उठला होता, तर तिनंच त्याला खाली बसवला. "तूबी वाळीत गेल्यावर मला दानं कोन देनार रं? तुजी लेकरं हायती. गप ऱ्हा," म्हणाली आणि आपली शेळी घेऊन शेताच्या कडेला कोपी घालून राहिली. पाणी ओढ्याच्या वाळूत झिरा उकरून भरायची. हिवाळ्यात तो झिरा पुरायचा. वैशाखात वाळू कोरडी पडायची आणि मग डोंगर चढून पलीकडच्या डोहावर जायचं, उतरताना घागर सांभाळायची. गेल्या उन्हाळ्यात ती दोनदा पडली होती. गावचा आड तिच्या कोपीतून दिसायचा.

कावड ठरल्यापासून आश्रुबा गावाचा झाला. साथीच्या साली कावड निघालीच नव्हती, देव पारोसा राहिला होता, आणि ज्याच्या त्याच्या मनात ती सल होती. त्यामुळं यंदा जो तो पुढं. घरांनी पाळ्या लावून घेतल्या. आज याच्याकडचं दूध, उद्या त्याच्याकडचं तूप. त्याची ज्वारी गावानं काढली, कणसं खळ्यावर नेऊन टाकली. न्हावी संध्याकाळी येऊन पिंढऱ्या रगडून जायचा आणि रगडताना घराघरांतल्या भानगडी सांगायचा. रोज एकानं त्याच्यासोबत चालायचं, म्हणजे आळस यायला नको. सटवाची पाळी आली की सटवा निम्म्या वाटेत बसकण मारायचा.

"आमच्या म्हशीचं दूध पेलास ना? मग माज्या वाटचंबी तूच चाल."

"दूध कसलं बे, निवळ पानी व्हतं."

"म्हशीला सांग. मी काय म्हईस हाय?"

हरिबाची शिकवण वेगळीच. त्यानं घागरींत ओली वाळू भरायला लावली. आधी वडवणीच्या बाजारापर्यंत आणि परत, मग त्याच्या पुढं, मग आणखी पुढं. "कांबीला झोका असतो. तिच्या झोक्यात पाऊल पडलं की वजन तुजं न्हाई, कांबीचं. तू तिच्याशी भांडलास का मेलास." खांद्यावरचं कातडं आधी सोललं, मग तिथं घट्टा पडला. पाणी घोट घोट प्यायचं. खांदा बदलताना थांबायचं नाही. हे सगळं आश्रुबा शिकला, पण हरिबाचा जीव अडकला होता तळव्यांत.

"समदी कावड तळव्यावर हाय. कातडं कमवत्यात तसा तळवा कमवावा लागतो."

बाभळीच्या सालीचा काढा करायचा आणि रोज संध्याकाळी त्यात पाय बुडवून सुकवायचे. मग दुपारच्या उन्हात मुरमाड माळावरून फिरायचं. सकाळी पाय धुवायचे नाहीत, नुसते पुसायचे. फाल्गुनात आश्रुबाचे तळवे काळे, टणक, चपलेच्या तळासारखे झाले. बाभळीचा काटा त्यांत घुसेना. त्याची बायको सुंदरा म्हणाली, "रातच्याला पाय लागला का मला खरचटतंय," आणि मग आपल्याच बोलण्यावर लाजली, कारण कावडीचं व्रत होतं आणि पाय लागायचा प्रश्न नव्हता.

"भिजू द्यायचा न्हाई," हरिबा पुन्हा पुन्हा सांगायचा. "कोरडा हाय तवर लोखंड. भिजला का भाकर."

एकदा चालून परतताना छबुबाई कोपीपुढं उभी होती. हातात लोटा. सोबतीला त्या दिवशी एकाऐवजी गावातले दोघं होते, ते चार पावलं मागं थांबले.

"शेळीचं हाय. आत्ताच काडलंय," ती म्हणाली.

आश्रुबानं मागं पाहिलं. मागचे दोघं आभाळाकडं पाहत होते.

"कावड होऊ दे आक्का. मग पेतो."

"लई दूध झालंय का तुला?"

"तसं न्हाई आक्का."

"मला ठाऊक हाय कसं ते," ती म्हणाली. तिनं लोटा शेळीच्या करडापुढं ठेवला आणि आत गेली. त्या रात्री पाळीचं दूध आलं ते त्यानं घशाखाली ढकललं, कारण ढकलायलाच हवं होतं.

शिमग्यानंतर एके दिवशी अर्जुनराव पाटलानं त्याला पारावर बसवून घेतलं. अर्जुनराव तसा वाईट माणूस नव्हता. साथीत त्याचे दोन नातू गेले होते, तेव्हापासून तो हळू बोलायचा.

"मागनं जपून माग, आश्रुबा."

"आजून कावड उचलली न्हाई मालक."

"तू काय मागनार ते कुत्र्या-मांजरालाबी ठाऊक हाय. मी आडवा न्हाई येत. पर माज्या दोन लेकी बाहेर दिल्याती. त्येंच्या सासरी इचारलं, तुमच्या आडावर मांगाचं लेकरू पाजलेली बाई पानी भरती म्हनं, तर म्या काय सांगावं?"

"सांगा, देवाच्या पायरीवर दिलं."

पाटील त्याच्याकडं पाहत राहिला. मग मान हलवली. "ह्येच. देवाचं नाव आलं म्हंजी माजीबी सुटका. तू येळंत ये. समद्यांच्या आधी मीच दिलं म्हनतो का न्हाई बग."

आश्रुबाला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हे होणार. त्यानं सुंदराला सांगितलं, आक्काची जुनी घागर कल्हई करून आण. पाटलानं तर मोठ्या मनानं आणखी एक केलं. वडवणीच्या बाजारात दवंडी दिली, की हिवरतळची कावड यंदा निघतेय, वाटेवरच्या वाड्यांनी दर्शनाला यावं.

आजवर कावड गुपचूप यायची. वाटेत एखादी म्हातारी पायावर तांब्याभर पाणी घालायची, हळदी-कुंकू लावायची, तेवढंच. कावडवाला म्हणजे त्या दिवसापुरता देव. त्याचे पाय धुतले की घरावरची इडापिडा जाते, अशी समजूत. पण ज्या मुलखानं मानमोडी पाहिली होती त्या मुलखात दवंडी फिरली, आणि कुणाच्या ध्यानात आलं नाही की आता बायका घरटी एक येतील.

मंजरथाला गंगेत घागरी भरल्या तेव्हा पाणी लोण्यासारखं मऊ, थंडगार होतं. सोबत हरिबा आणि सटवा. पहिल्या तिरपेला आश्रुबानं कांब खांद्यावर घेतली. ती झोक्यात आली आणि पाय आपोआप चालायला लागले. ऊन चढायच्या आत त्यांनी बरीच वाट मारली. सटवा पळत होता. "आरं हळू बे, देव काय कुठं पळून चाललाय का?"

पहिली वाडी आली. वाटेच्या दोन्ही अंगाला बायका. प्रत्येकीच्या हातात ऊन पाण्याचा तांब्या. कढत नव्हे, सोसवेल असं, माया करून ऊन केलेलं. त्यात हळद. आश्रुबा कावडीसकट उभा राहिला आणि त्या एकीमागून एक त्याच्या पायांवर पाणी घालत गेल्या. काही तर तळव्याखाली हात घालून चोळत होत्या.

दुसऱ्या वाडीलाही तेच. हरिबा पुढं झाला. एक म्हातारी, बायडाबाई म्हणून, घंगाळच घेऊन बसली होती.

"मावशे, नुसता हात लाव. पानी नगं घालू."

बायडाबाईनं वर पाहिलं. "कावून? माज्या पान्याला काय झालं?"

"तसं न्हाई गं. पाय भिजत्यात त्येचे."

"माजा पंडित गेला, त्येची बायकू गेली, घरात मी आन् एक नात हाये. माज्या पान्याचा इटाळ व्हतो का कावडीला? आं? सांग समद्यांपुढं."

हरिबानं आश्रुबाकडं पाहिलं आणि डोळ्यांनी खूण केली, चल. वाटेच्या कडेनं निसटता आलं असतं. पण एखाद्याचं पाणी नको म्हणायचं म्हणजे काय, हे आश्रुबाला वर्षभर रोज दिसत होतं. तो ते त्या म्हातारीच्या तोंडावर म्हणू शकला नाही.

"घालू दे आप्पा," तो म्हणाला आणि पाय घंगाळात ठेवला.

त्यानंतर हरिबानं कुणालाच अडवलं नाही. वाड्यांमागून वाड्या आल्या. पाय वाळायच्या आत पुन्हा भिजत होते. दुपार कलली तेव्हा तळव्यांचा काळा रंग गेला होता. ते पांढरे, सुरकुतलेले, फुगलेले झाले होते, परटिणीच्या हातासारखे. बाभळीचा सगळा कस त्या मायेच्या पाण्यात उतरून गेला.

मग मुरमाचा माळ लागला. चैत्राचं ऊन तापून तापून खालून वर येत होतं. आधी टाचांना फोड आले, मग चवड्यांना. एक फुटला तसा पाय कांबीच्या झोक्याबाहेर पडला आणि सगळं वजन अंगावर आलं. सटवा मागून चालत होता, त्याला वाटेवर ओले डाग दिसले. पाणी सांडतंय म्हणून तो घागरींकडं पाहायला गेला, आणि मग त्याची थट्टा त्या दिवसापुरती संपली.

"आप्पा, मी घिऊ का खांद्यावर? कोन बगतंय हितं?"

"आश्रुबा बगतोय की," म्हातारा म्हणाला.

दात दाबून आश्रुबा पायाच्या कडेवर चालत होता, ती सोलली की दुसऱ्या कडेवर. हरिबा त्याच्यापुढं चालत वाटेतले खडे आपल्या पायानं बाजूला सारत होता. डोंगर जवळ आला. पांदीच्या वळणावरून कळस दिसला, त्यावर ऊन होतं. पिवळं, तिरपं, पण भरपूर.

"आलास बे. आता पोचलास," हरिबा म्हणाला.

वेशीत सगळं गाव उभं होतं. हलगी वाजत होती. आश्रुबा वेशीत पाय टाकणार तोच बायकांनी वाट धरली. वेशीच्या आत यायचं तर पाय धुऊन, आणि पहिला तांब्या पाटलीणबाईचा. तो मान पिढीजात. तिच्याआधी कुणी पाणी घालायचं नाही आणि तिच्या पाण्याशिवाय कावडीनं वेस ओलांडायची नाही.

पाटलीणबाई अजून आली नव्हती.

"येतीय, येतीय. निघालीच म्हनं," कुणीतरी म्हणालं.

आश्रुबा उभा राहिला. चालणाऱ्या पायांना जे कळत नव्हतं ते उभ्या पायांना कळायला लागलं. कांब खांद्यात रुतली. समोर घरांच्या वर कळस होता, आणि ऊन त्याच्या पोटावरून वर सरकत होतं.

"वाट सोडा," तो म्हणाला.

लोकांनी हात जोडले. कावडवाल्याच्या तोंडून देव बोलतो.

"आरं माजं ऐका, वाट सोडा. मागून धुवा पाय. ऊन चाललंय."

"देवा, घडीभर. बाईसाहेब आल्याच."

हरिबा पाटलाच्या वाड्याकडं धावला, त्या वयात. पाटलीणबाई देवघरात होती. पहिल्या पाण्याचा तांब्या तिनं हातात घेतला होता, आणि जाता जाता दोन नातवंडांची अंगडी-टोपडी कुठं दिसली तिला, आणि ती खाली बसली होती. सुना समजूत घालत होत्या. कुणी मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं. आश्रुबाला जन्मभर शिव्या द्यायला एक माणूस तरी मिळाला असता.

ती आली, पदरानं डोळे टिपत. तिनं पायावर पाणी घातलं आणि पाय पाहून दचकली. "अगं बाई, काय झालं हे लेकराच्या पायाला," म्हणाली आणि आणखी पाणी घातलं. आश्रुबा तिच्या डोक्यावरून पाहत होता. कळसाच्या टोकावर उन्हाचा एक ठिपका राहिला होता, जोंधळ्याएवढा. तो पाहत असतानाच गेला.

वेस मोकळी झाली. तो चालत गेला. देवळाच्या पायरीवर उभा राहिला. पुजाऱ्यानं घागरी उतरून घेतल्या आणि भैरोबाला न्हाऊ घातलं. लोकांनी तीर्थ घेतलं, लेकरांच्या तोंडात थेंब टाकले, डोळ्यांना लावलं. देव न्हाला म्हणून बायाबापड्या रडल्या. कावड गावाला पुरती पावली.

आश्रुबा पायरीवरून हलला नाही.

"गावाकडं मागनं हाय," तो म्हणाला. आवाज बसला होता. "माज्या आक्काला आडावर पानी भरू द्या."

हलगी थांबली. हलगीवाले मांग देवळापासून लांब, लिंबाखाली उभे होते. त्यांनी माना खाली घातल्या. लोक पाटलाकडं पाहत होते आणि पाटील कळसाकडं पाहत होता.

"दिलं," हरिबा म्हणाला. एकटाच.

अर्जुनराव पुढं आला. त्यानं आश्रुबाच्या खांद्यावर हात ठेवला, घट्ट्यावर, आणि आश्रुबा कळवळला.

"आश्रुबा, मी तयार व्हतो. तुला ठाऊक हाय. पर समद्या गावानं बगितलं, ऊन उतरलं. आता मी दिलं म्हनलो तर ते देवाचं न्हाई व्हत, ते माजं व्हतं. माजं मला झेपत न्हाई."

"येशीत कुनी थांबवलं मला?"

"मान हाय तो. मोडता येतोय का?" पाटील खालच्या आवाजात म्हणाला. त्यालाही ते बोलवत नव्हतं. "पुढल्या साली बगू."

कुणीतरी हलगीवाल्यांना खूण केली. प्रसादाची पंगत बसली.

रात्री सुंदरानं लिंबाचा पाला वाटून तळव्यांना बांधला. सकाळी आश्रुबा काठी घेऊन, टाचा उचलून, कोपीपर्यंत गेला. छबुबाई बोचकं बांधत होती. शेळी सोडलेली होती.

"कुटं चाललीस?"

"नांदूरघाटला. एका वाड्यावर दळाया बाई पायजे म्हन्त्यात. तितं कुनाला ठाऊक हाय मी कोन ते."

"सटवानं सांगितलं का काल काय झालं ते?"

"सांगाया कशाला पायजे. हलगी वाजली, मग थांबली, मग पुन्यांदा वाजली. कळलं मला."

आश्रुबा खाली बसला. "पुढल्या साली..." त्यानं सुरुवात केली.

"पुढल्या साली कावड दुसऱ्याच्या खांद्यावर. तुजे पाय आता कुनी बगनार न्हाई." ती बोचक्याची गाठ आवळत होती. "आन् एक सांगू? तू मागाया गेलास ते माज्यासाठी. पर चार म्हैने तूबी माज्या कोपीत आला न्हाईस. माज्या हातचं पेला न्हाईस. कावडीसाठी म्हून."

"तुज्यासाठीच की आक्का."

"व्हय. माज्यासाठी माज्यापासून लांब ऱ्हायलास." ती रागानं नव्हती बोलत, ज्वारी निवडताना बोलावं तसं बोलत होती. "मला वाईट न्हाई वाटत. लेकरू जगलं. त्येची मावशी सांगून ग्येली, चालाया लागलंय म्हनं. मला तेवढं हाय. तुज्यापाशी काय हाय ते तू बग."

तिनं बोचकं डोक्यावर घेतलं, शेळीचं दावं हाताला गुंडाळलं आणि वाटेला लागली. त्याचे पाय तिनं पाहिले होते, पण त्याबद्दल ती काही बोलली नाही. वळणापर्यंत शेळी मागं ओढत होती, मग तीही निमूट चालायला लागली.

आश्रुबा घरी आला तेव्हा ऊन वर आलं होतं. दारात दुधाचा लोटा नव्हता. पाळ्या कालपर्यंतच होत्या. सटवा कडेनं जाताना थांबला, काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "दुखायलंय का लई?" आणि उत्तराची वाट न बघता शेताकडं गेला. त्याचीही कामं खोळंबली होती.

गोठ्यात बैल उभे होते, खाली रात्रीचं शेण आणि मूत साचून चिखल झालेला. सुंदरा आडावर गेली होती. आश्रुबानं उभं राहून पाहिलं, ते जमेना. मग त्यानं पाटी ओढून घेतली, गुडघ्यांवर बसला, आणि बैलाच्या पायाशी सरकत, दोन्ही हातांनी शेण भरायला लागला.